तीन नटांचं चाक

गल्लीत त्यांना सगळे चाकवाले काका म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण काकांचं डोकं कधी फिरेल याचा नेम नसे. तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या साहेबांची गाडी चालवली, एकदाही कुठे घासली नाही. निवृत्त झाल्यावर एक जुनी निळी गाडी घेतली, ती काकूंसाठी. काकूंचं हृदय अधू. डॉक्टरांनी बजावलं होतं की छातीत कळ आली की इकडेतिकडे न बघता तासाच्या आत दवाखाना गाठायचा. काका म्हणाले, गाडी दारात उभी आहे, काळजीच नको.

सहा महिने झाले नाहीत तोच एका सकाळी ती गाडी विटांवर उभी दिसली. चारही चाकं गायब. विटासुद्धा काकांच्याच जिन्याखालच्या, याचा त्यांना जास्त राग आला. पोलिसांनी कागद लिहून घेतला. काकांनी मात्र चोर तिथल्या तिथे ठरवून टाकला : समोरच्या शिंप्याचा भाऊ. पुरावा म्हणाल तर शून्य. कामधंदा नसलेला माणूस, दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसायचा, एवढंच. भर गल्लीत काका त्याला चोर म्हणाले. शिंप्याने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

नवी चाकं बसली, पण काकांचा जीव काही थाऱ्यावर बसेना. कुलपाचे नट लावले, तर तेही निघतात असं गॅरेजवाला सहज बोलून गेला. झालं! मग काका गाडी आणली रे आणली की पुढची दोन चाकं काढून वर घरात न्यायला लागले. जॅक लावायचा, पान्याने नट सोडवायचे, गाडी विटांवर टेकवायची आणि एकेक चाक छातीशी धरून जिना चढायचा. निघायच्या वेळी हेच उलट. बारा मिनिटांत चाकं लागायची, घड्याळ लावून बघितलं होतं. ठेवायची जागा काकूंच्या पलंगाखाली. रबराच्या वासाने काकूंचं डोकं उठायचं. त्या म्हणायच्या, यापेक्षा सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती. पण त्यांनी हे तीन वर्षं चालू दिलं, कारण हा माणूस आपल्याच काळजीने वेडा झालाय हे त्यांना दिसत होतं.

कळ आली ती दुपारी चारला. काकूंचा चेहरा घामाने डबडबला. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती लांब गेलेली, पाऊण तास लागेल म्हणाले. काका पलंगाखाली वाकले आणि चाक ओढू लागले.

"अहो, शिंप्याला हाक मारा. त्याची गाडी उभी आहे."

"आपली गाडी असताना? बारा मिनिटं थांब फक्त."

पहिलं चाक खाली गेलं, बसलं. दुसरं आणायला काका वर आले तेव्हा काकू कठड्याला धरून स्वतःच उतरायला लागल्या होत्या. शेवटच्या पायरीवर त्या बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. डाव्या चाकाचे तीन नट लागले. चौथा ओल्या बोटांतून सटकला आणि घरंगळत गटारात गेला. एक नट कमी असताना काकांनी आयुष्यात गाडी हलवली नव्हती. ते पोटावर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात गटारात घालून चाचपडू लागले. सापडेल, आत्ता सापडेल, असं पुटपुटत होते. अरे माणसा, बायको मागे बसलीय, तिच्याकडे बघ की!

किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी दंडाला धरून उठवलं. शिंपी होता, गळ्यात टेप तशीच. काकूंना त्याने आणि त्याच्या भावाने आधीच उचलून आपल्या गाडीत ठेवलं होतं.

"काका," तो म्हणाला, "तीन नटांवर गाडी चालते."

ते काकांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी कळ कधी आली ते विचारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहाच्या आत काकू गेल्या. शिंप्याचा भाऊ शेवटपर्यंत काकांच्या शेजारी बाकावर बसून होता. काकांना त्याच्याकडे मान वळवून बघायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर काकांनी चाकं काढली नाहीत. जॅक आणि पाना गॅरेजवाल्याला देऊन टाकले. पलंगाखाली फरशीवर दोन काळे गोल उमटलेत, ते पुसू देत नाहीत. मध्यंतरी शिंप्यानेच हटकलं, की काका, हल्ली चाकं वर नेत नाही?

"ज्याला न्यायचीत त्याने न्यावीत," काका म्हणाले.

आता ते दिवसभर खिडकीत बसून खाली गाडीकडे बघत राहतात. आठ महिने झाले. टायरमधली हवा बसत चाललीय, काचांवर धुळीचा थर आहे, डाव्या चाकाला अजून तीनच नट आहेत. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.