दादामियाँची फुंक

चार वर्षांत महिपतीनं दादामियाँच्या ट्रम्पेटचा माउथपीस तीनदा रुंद करून दिला होता. चौथ्यांदा दादामियाँ त्याच्या कसब्यातल्या दुकानात शिरला, तो पितळी माउथपीस टेबलावर आपटला आणि म्हणाला, तुझ्या लेथनं माझा सूर बिघडवला.

महिपती तीस वर्षं बँडची वाद्यं दुरुस्त करतोय. त्याच्या कानशीला धार कमी असेल, जिभेला नाही. त्यानं माउथपीस बल्बखाली धरून फिरवला, मग दादामियाँचं तोंड तसंच निरखून पाहिलं.

"पितळ वाढत नसतं, मियाँ. ओठ वाढलाय तुझा. तो काय मी घासून देऊ?"

दादामियाँ पाय आपटत बाहेर पडला. राग यायचाच. विश्रांतवाडीत राहणारा हा सत्तेचाळीस वर्षांचा गडी हिंदुराव मास्तरांच्या बँडात वीस वर्षं पुढच्या रांगेत उभा. वरातीचं पहिलं गाणं कायम त्याच्या ट्रम्पेटवर. त्याला कुणी शहाणपण शिकवलेलं त्याला कधी खपलं नाही.

पण महिपतीचं बोलणं डोक्यातून जाईना. गणवेशाची टोपी डोक्यात शिरत नव्हती. बूट दोन नंबरनं वाढले होते. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली होती. दातांत फटी पडल्या होत्या. जैनबनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, याचा दोष लग्नाच्या पंगतींना दिला होता. गल्लीतली पोरं 'पहिलवान' म्हणत, आणि खरं सांगायचं तर दादामियाँला ते आवडायचं. नाक्यावरच्या एका डॉक्टरनं शुगरच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं डोकेदुखीच्या, तिसऱ्यानं सांधेदुखीच्या. तिघांनी हात धरून नाडी पाहिली. हाताकडे एकानंही पाहिलं नाही. शिकलेली माणसं!

मग एका वरातीत तो डाव्या बाजूनं चाललेल्या लायटिंगच्या गाडीवर जाऊन आदळला. गाडी एवढी झगमगत होती, आणि याला ती दिसलीच नव्हती. त्या दिवशी जैनबनं त्याचं काही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी त्याला सरकारी दवाखान्याच्या रांगेत नेऊन उभं केलं.

तिथल्या डॉक्टर उत्कर्षा वयानं त्याच्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी जुना फोटो मागितला. दादामियाँनं मोबाईलवर बारा वर्षांपूर्वीचा बँडचा फोटो काढून दिला. त्यांनी तो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि थंडपणे विचारलं, "काका, हे तुमचे धाकटे भाऊ का?"

मग रक्त तपासलं, साखरेचं पाणी पाजून पुन्हा तपासलं, डोळ्यांची तपासणी झाली, डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. शरीरातल्या बऱ्याच ग्रंथी तिच्या हुकमानं चालतात. तिथं बोराएवढी गाठ झाली आहे. कॅन्सर नाही, पण ती वाढीचं हार्मोन सोडतेय ते थांबतच नाही. पोराला हे झालं तर पोर ताडासारखं उंच होतं. मोठ्या माणसाची उंची संपलेली असते, म्हणून हातपाय, जबडा, जीभ, ओठ वाढतात. काळीजसुद्धा. शुगर त्यातूनच आलेली. आणि गाठ डोळ्यांच्या नसा दाबतेय म्हणून बाजूचं दिसत नाही.

"म्हणजे मास्तर हात खाली करतोय आणि एक जण वाजवायचा थांबत नाही," दादामियाँ म्हणाला.

"अगदी तसंच. त्याला बाहेर काढायचा. नाकातून."

नाक म्हटल्यावर दादामियाँचं बाकी सगळं ऐकणं बंद झालं. फुंकायचं कधी, एवढंच त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिने नाही. नाक शिंकरायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. आतला पडदा भरून यायच्या आधी जोर लावला तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं, जंतू आत जातात. तीन महिने, तेही ऐन लग्नसराईत. दादामियाँ उठला. मला ऑपरेशन नको म्हणाला.

डॉक्टरांनी विनवण्या केल्या नाहीत. "नका करू. डोळे जातील, आणि ओठ वाढतच राहील. मग फुंकणार कशानं?"

जैनब पिशवी घेऊन आधीच उभी होती, भरतीचा फॉर्म कुठं मिळतो विचारायला.

ऑपरेशन झालं. आठवड्याभरात बोटांची सूज उतरली, घाम कमी झाला, घोरणं थांबलं, आणि जैनबला त्याशिवाय झोप लागेना. पाचव्या आठवड्यात हिंदुराव मास्तर घरी आले. लोणी काळभोरला मोठं लग्न होतं आणि दुसरा ट्रम्पेटवाला काविळीनं आडवा. मास्तर म्हणाले, नुसतं पहिलं गाणं वाजव, दोन मिनिटांचं. दादामियाँनं पेटी उघडली. ट्रम्पेट ओठांपर्यंत आला.

"वाजवा की," जैनब पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आधी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगा तेवढं. मी लावून देते."

मास्तर छताकडे पाहू लागले. दादामियाँनं ट्रम्पेट खाली ठेवला. मग क्लॅरिनेटवाल्या फैजला बोलावून घेतलं आणि दोन दिवस ते गाणं तोंडानं गुणगुणून, हाताची बोटं हलवून त्याच्याकडून घोटून घेतलं. लोणीला तो गणवेशात गेला, रिकाम्या हातानं. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, तुम्ही काय वाजवता? "सध्या हे पोरगं," दादामियाँ म्हणाला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आले. हार्मोन बरंच उतरलं होतं, पुरतं नाही. महिन्याला एक इंजेक्शन ठरलं, दर काही महिन्यांनी रक्त, वर्षाला एमआरआय. शिवाय ऑपरेशननंतर ग्रंथी कमी पडते म्हणून स्टेरॉईडची रोज एक गोळी: ताप आला तर दुप्पट घ्यायची, उलटीनं पोटात टिकली नाही तर तडक दवाखाना गाठायचा, आणि कुणी 'स्टेरॉईड वाईट' म्हणालं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. जबड्याचं हाड आहे तसंच राहणार होतं. शुगर निम्म्या गोळीवर आली. आणि डॉक्टरांनी लिहून दिलं: वाजवायला हरकत नाही, हळूहळू.

तालमीच्या खोलीत सगळा बँड वाट बघत होता. दादामियाँनं श्वास भरला आणि फुंकला. फाटक्या टायरसारखा आवाज निघाला. ओठ आता पातळ झाला होता, इतक्या वर्षांची सवय जाड ओठाची. फैजला हसू आवरेना. दादामियाँनं त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं क्लॅरिनेट पुसायला लागलं. पुन्हा फुंकलं. पाचव्यांदा खालचा एक सूर धरला गेला, थरथरता पण खरा, आणि तो त्यानं श्वास संपेपर्यंत सोडला नाही.

हिंदुराव मास्तरांनी मागच्या रांगेकडे बोट केलं, शिकाऊ पोरांच्या शेजारी. दादामियाँ गेला आणि तिथं उभा राहिला.

"उद्या आठला तालीम," मास्तर म्हणाले. "उशीर केलास तर बाहेर उभा करीन."

"साडेसातला येतो," दादामियाँ म्हणाला. "किल्ली माझ्याकडे द्या."