शालनच्या साखळीतल्या बायका

अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते, तेव्हा फोन वाजला. आजऱ्याच्या सुमनचा. "बाई, खरं हाय का?" कशाबद्दल विचारतेय, मला कळेना. "आपली शालनताई..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मग एकामागून एक फोन येत राहिले. सांगत कुणीच नव्हतं, सगळ्या विचारतच होत्या. एका घरी बैठक घ्यायला निघालेली शालन कागलच्या स्टँडवर बसमधून उतरली, बाकावर टेकली आणि तिथंच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, अजून फोन वाजला की आधी नाव वाचते, मग उचलते.

शालन माझी गल्लीतली मैत्रीण. माहेर हुपरीचं. लग्नाआधी घरातच चांदीच्या पैंजणांच्या कड्या तापवून जोडायची, बोटांच्या टोकांवर भाजल्याच्या खुणा होत्या. नवरा फौंड्रीत कामाला, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी ती एका कंपनीचे साबण आणि तब्येतीच्या पावडरी विकायला लागली. आपण माल घ्यायचा, दुसरीला जोडायचं, तिनं तिसरीला, असं ते साखळीचं काम. मी नाक मुरडत मुरडतच तिच्यासाठी नाव घातलं. बघता बघता तिच्या हाताखाली शंभरावर बायका झाल्या. आजरा, कागल, हुपरी... कुठं कुठं फिरायची. पण कधी निर्धास्त नसायची. एकदा म्हणाली, "पुरुष लोक चहाच्या टपरीवर माणूस जोडत्यात. बिघडलं तर टपरी बदलली. आम्ही जाऊ जोडतो, नणंद जोडतो. बिघडलं तर जायचं कुठं ग?"

कंपनीच्या सत्काराला मी एकदा गेले होते. सभागृहात निम्म्याहून जास्त बायका, आणि स्टेजवरच्या खुर्च्यांत सगळे कंपनीचे सर. पुकारताना दाजींचं नाव आधी, मग 'आणि सौ.' माईकही दाजींच्या हातात दिला. दाजी घामाघूम. म्हणाले, "मी काय बोलणार? मला ह्यातलं कायबी कळत न्हाय. हिलाच इचारा की." सगळं सभागृह हसलं. शालन हसली नाही. तिनं माईक घेतला आणि समोर बसलेल्या तिच्या बायकांची नावं एकेक करून घेतली. सर घड्याळ बघत होते, ती थांबली नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मोठे सर म्हणाले, "ही पावडर सुरू करा, शुगरच्या गोळ्या आपोआप सुटतात." शालननं जोडलेल्या सुमनची सासू त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती, शालनच्याच आग्रहानं. म्हातारीनं घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी सुमनचा फोन आला, उलट्या थांबत नाहीत म्हणून. शालन मला घेऊन आजऱ्याच्या बसमध्ये बसली. सबंध वाटेत फोन मुठीत आवळलेला... मधूनच स्क्रीन बघायची. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारीला सलाईन लावलं होतं. तिनं डोळे उघडले, शालनला ओळखलं आणि म्हणाली, "तू म्हटलीस चल, म्हणून आलतो की ग. तुझ्या सभेतलं खोटं असंल व्हय?" शालननं सुमनकडून म्हातारीच्या गोळ्यांची नावं लिहून घेतली.

चार दिवसांनी म्हातारी घरी आली. पुढच्या सभेत शालन सरळ स्टेजवर चढली. "गोळ्या कुणी सोडायच्या न्हाईत. आमची एक बाई मरता मरता वाचलीया." मोठे सर हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, असं नकारात्मक बोललात तर टीम तुटेल." ती माईकमध्येच बोलली, "तुटू दे की. माणूस गेल्यावर कुणाला जोडू?" त्या महिन्यात बऱ्याच बायका गळाल्या. दोन नणंदांनी बोलणं टाकलं. सत्काराच्या यादीतून तिचं नाव गेलं. मी म्हटलं, "सोड ना आता हे." तर म्हणाली, "मी सोडतो. आणि ऱ्हायलेल्या बायका कुणाच्या हवाली करू? त्या सरांच्या?"

जायच्या आधीच्या रविवारी ती आमचा जिना चढून आली आणि कठडा धरून थांबली. कपाळावर घाम. "काय ग?" "दगदग हाय, दुसरं काय." मी चहा टाकायला आत गेले... पुढचं काही विचारलंच नाही. हे मला रोज आठवतं.

दिवसकार्य झाल्यावर मोठ्या सरांचा दाजींना फोन आला. शालनचा कंपनीतला नंबर, म्हणजे तिची सगळी साखळी, आता दाजींच्या नावावर होईल आणि बैठका मी घ्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. दाजींनी मला बोलावून घेतलं. "तुम्हीच काय ते ठरवा. मला तर बायकांची नावंसुदीक म्हाईत न्हाईत," म्हणाले आणि पावडरींच्या खोक्यांमागून एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. मला वाटलं, मालाची असेल. उघडली, तर पानापानावर शालनचं ते ठसठशीत अक्षर. एकेक बाई, तिला कसल्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर कोण, घरात ऐकणारं माणूस कोण. सुमनच्या सासूपुढं लिहिलं होतं, 'दर सोमवारी फोन. गोड खाते, खोटं बोलते.' माझंही नाव होतं. 'बीपी बघते म्हणते. बघत नाही.'

मी सगळी पानं चाळली, मग परत पहिल्यापासून. शालनचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं.

सरांना मी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. वही मात्र घरी आणलीय. गोळ्यांचं विचारायला रोज दोघी-तिघींना फोन लावते. घंटी वाजत राहते... आणि पलीकडून "हां, बाई" ऐकू येईपर्यंत मी वहीतल्या तिच्या नावावर बोट ठेवून उभी असते.