आजेसासऱ्यांची राहिलेली ऑर्डर

एकही लढाई न बघता तहहयात सैनिक राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आजेसासरा म्हणून आला. बायकोचे हे आजोबा नव्वदी गाठल्यावर आमच्या दुबईतल्या, अल बर्शाच्या फ्लॅटवर राहायला आले, तेही होमगार्डची टोपी घालूनच. एकूण नोकरी किती, तर बावीस दिवस! पासष्टच्या युद्धात, पन्नाशी उलटलेली असताना, त्यांनी कोकणातल्या आपल्या गावच्या खाडीपुलावर काठी घेऊन पहारा दिला. युद्ध संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना शाळेच्या मैदानात ओळीत उभं केलं, "सावधान!" म्हणाले, तेवढ्यात जीप आली आणि साहेब तिच्यात बसून गेले ते गेलेच. परेड संपवायची 'लाइन तोड' ही ऑर्डर द्यायची राहूनच गेली. बाकीचे गार्ड तासाभराने जेवायला घरी गेले. आजोबांच्या मते ते सगळे पळपुटे, आणि स्वतः आजोबा अजून ड्यूटीवर.

"ऑर्डरशिवाय मरायचीसुद्धा सोय नाही हो, जावईबापू," ते म्हणायचे, आणि मरायचं लक्षण खरंच दिसत नव्हतं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी स्वतःच्या दातांनी चणे फोडत होते! संध्याकाळी सात वाजले की घरभर पडदे ओढून दिवे बंद, कारण ब्लॅकआउट. बाहेर अख्खी दुबई झगमगतेय आणि आम्ही आत सुरमईचे काटे चाचपत जेवतोय. "या लोकांना विमानांची भीतीच नाही," असं ते पडद्याच्या फटीतून बघून हळहळायचे. बेल वाजली की "कौन है? दोस्त या दुश्मन?" एसी दुरुस्त करायला आलेला बिचारा दारातूनच ओरडला, "एसी, बाबा, एसी!" माझी मुलगी म्हणायची, "पणजोबा, द वॉर इज ओव्हर!" त्यावर उत्तर ठरलेलं, "तुला ऑर्डर आली का?" आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास खाली लॉबीत सावधान उभं राहायचं, त्यात खाडा नाही.

लॉबीत वॉचमन होता खान. पेशावरकडचा, तिकडच्या सरहद्दीवरच्या मिलिशियातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. हे कळल्यावर आजोबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हम बाईस दिन पूल पे रुके थे. आप आए क्यूँ नहीं?"

"गलती हो गई, बाबा," खान म्हणाला. "छुट्टी नहीं मिली." त्या दिवसापासून आमच्या घरचा चहा रोज खाली जाऊ लागला.

मग आजोबांचे पाय सुजले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदय थकलंय, उभं राहणं बंद करा, नाहीतर ते असेच कोसळतील. आजोबा कसले ऐकतात! बायको रडली, चिडली, शेवटी मला म्हणाली, तुम्हीच द्या ती मेली ऑर्डर. मी लॉबीत जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडलो, "लाइन तोड!"

"हुद्दा?" आजोबांनी मान न वळवता विचारलं.

"सीनियर अकाउंटंट."

"अकाउंटंटच्या ऑर्डरी मी घेत नाही."

मला असा संताप आला म्हणता! पाय थरथरतायत, घाम फुटलाय आणि हुद्दा कसला विचारता? तेवढ्यात खान खुर्चीतून उठला. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली, तीन पावलं ठोकत पुढे आला, आणि त्या पोरक्या परेडला उभ्या दुबईत ऐकू जाईल असा आवाज दिला, "परेड! लाइन तोड!"

आजोबांनी आता मान वळवून खानकडे पाहिलं. मग पुटपुटले, "शत्रूचा का असेना, हवालदार आहे." उजवीकडे वळले, कडक सलाम ठोकला आणि खानच्या खुर्चीत बसले. मी रडलो. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर आजोबा दोन वर्षं जगले, पडदे उघडे टाकून, सकाळी नऊपर्यंत लोळत. एका पहाटे झोपेतच गेले. सांगायला खाली गेलो तर ऐकता ऐकताच खान सावधान उभा राहिला, आणि बराच वेळ हलेचना.

"खानभाई, बैठिए ना."

"बाबा को तो मैंने छोड़ दिया," तो म्हणाला. "अब मुझे कौन छोड़ेगा?"

माझ्या ऑर्डरीला किंमत नव्हती. मी नुसता त्याच्या शेजारी उभा राहिलो.