तळहातावरचा राउटर

नारळ हातात घेतला की मला बाबा आठवतात. सिंदी मेघेतल्या घरी नवा राउटर तीन ठिकाणी ठेवून झाला, तरी मागच्या खोलीत रेंज येईना आणि सकाळी तिथूनच माझी ऑनलाइन मुलाखत होती. तळहातावर नारळ घेऊन गावच्या विहिरींसाठी जमिनीखालचं पाणी शोधून देणारे बाबा उठले. राउटर तसाच तळहातावर घेऊन अनवाणी घरभर फिरले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. "इथं लागते. इथंच ठेवजो." तिथल्या फळीवर ठेवला, तर मागच्या खोलीत रेंज फुल्ल! मी बघतच राहिले. बाबा मात्र राउटर उलटा करून त्याच्या पोटाखालचा छापील पासवर्ड वाचत होते. "कुलपाले किल्ली चिकटवूनच देल्ली हाय. हे बदलवजो." नंतर पासवर्ड कितीदा बदलला, राउटरही दोनदा. त्या फळीवरून तो हलवायची मात्र अजून माझी छाती होत नाही.