भोकरवाडीला का यावं

बारवी धरणाच्या मागच्या डोंगरात भोकरवाडी नावाची ठाकरांची वाडी आहे. डांबरी सडक सोडली की चढ लागतो, चढ संपला की सपाट कातळ, कातळापलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे घरं. वाडीतली माणसं या वाटेने कामाला पायी उतरायची आणि आजारी पडली की झोळीतून उतरायची. चादरीची झोळी, मधून बांबू, पुढे दोघं, मागे दोघं.

सुषमाचं पहिलं मूल या झोळीतच गेलं. दवाखान्यात पोचली तेव्हा पोटातली हालचाल थांबून बराच वेळ झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्यानंतर सुषमाला पुन्हा दिवस राहिले नाहीत. नवरा शिवराम आठ महिने वीटभट्टीवर असायचा, ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. दुःख करत बसायला दोघांनाही सवड नव्हती.

पण धाकट्या दिराचं, हेमंतचं लग्न झालं आणि सोनी घरात आली. हाडांची काटकुळी, हसरी पोर. सुषमाला 'बाय' म्हणायची, पाठोपाठ फिरायची. तिला ओढ्यावरून हंडा घेऊन येताना पाहिलं की सुषमा पुढे होऊन हंडा उतरवून घ्यायची. आज ना उद्या हिलाही दिवस जातील. हिलाही चादरीत बांधून न्यायचं?

तिने रस्त्यासाठी खेटे घालायला सुरुवात केली. पंचायतीत विचारलं तर जमीन जंगलखात्याची, जंगलखात्यात विचारलं तर रस्ता पंचायतीचा. "बघू, पुढच्या आराखड्यात घेऊ," एवढंच उत्तर मिळायचं.

कारखान्याच्या ऑफिसात तेजस्वी म्हणून एक आगऱ्यांची मुलगी बसायची. सोनिवलीची. सुट्टीच्या दिवशी ती मोबाईलवर रील बनवायची. कुठला किल्ला, कुठला मिसळवाला. डबा खाताना सुषमाने तिच्यापाशी रस्त्याचं रडगाणं गायलं, तेव्हा तेजस्वी फटकन बोलली,

"ताई, रोड माणसांसाठी नाय होत, पब्लिकसाठी होतो. आमच्या सोनिवलीला बघ ना. आम्ही चिखलातून शाळेत गेलो. बिल्डर आले, टॉवर झाले, मग एका वर्षात काँक्रीटचा रोड."

"आमच्याकडं कोण बिल्डर येतोय?"

"बिल्डर नाय येणार. पिकनिकवाले येतील. तुमच्या वाडीत बघण्यासारखं काय आहे, ते सांग."

बघण्यासारखं काय असणार? घरी येताना ती सगळी वाट न्याहाळत आली. कातळावरून धरणाचं सगळं पाणी दिसत होतं आणि लांबवर बदलापूरच्या इमारती. तिथे ती रोज दम खायला बसायची, पण तिने कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर तेजस्वी वाडीत आली. कातळावर सुषमाला उभं केलं, मोबाईल धरला आणि म्हणाली, "ताई, बोल. भोकरवाडीला का यावं?"

सुषमा आधी लाजली. मग सोनी समोर उभी होती तिच्याकडे बघून बोलायला लागली. "आमच्याकडं या. धबधबा हाय, पाणी गार हाय. पावसाच्या तोंडाला काजवं येतात, झाडच्या झाड लखलखतं. नाचणीची भाकर देऊ, करटुल्याची भाजी देऊ. हवा चांगली, माणसं चांगली. या. एकदा तरी या."

शेवटचं 'या' म्हणताना तिचा आवाज चिरकला. बघणाऱ्यांना ते फार गोड वाटलं. रील हजारोंनी पाहिली.

आणि माणसं आली. उल्हासनगरची आली, अंबरनाथची आली, ठाण्याची आली. बायकांनी ओढ्यापाशी चुली मांडल्या. भाकऱ्या खपायला लागल्या. कुणाच्या पोराला दप्तर आलं, कुणाच्या छपराला पत्रा. वाडीत सुषमाचं नाव निघायला लागलं.

सासरा वाळूबाबा तेवढा कुरकुरायचा. ओढ्यात फुटलेल्या बाटलीने त्याचा तळवा फाटला, तेव्हा पाय धरून बसल्या बसल्या तो म्हणाला, "तूच बोलावलंस यांना."

"रस्ता होऊ दे बाबा," सुषमा त्याच्या पायाला हळद दाबत बोलली. "तवर सोसा."

ती सोमवारी कामाला जायच्या आधी ओढ्यातल्या काचा वेचायची. पोरं दारू पिऊन नको ते बोलली तर ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दिवाळीत सोनीला दिवस राहिले. आणि त्याच हिवाळ्यात डोंगरात मोजणीची माणसं आली. सुषमाने त्यांना चहा पाजला, ओढा कुठे किती भरतो ते दाखवलं. उन्हाळ्यात पोकलेन आला. त्याचा घरघराट ऐकून तिला इतका आनंद झाला की तिने सोनीला हाताला धरून तो बघायला नेलं.

रस्ता कातळापर्यंत आला आणि थांबला. कातळाच्या बाजूला मुंबईच्या कुणी जमीन घेतली होती, तिथे फार्महाऊस होणार होतं; गाड्या तिथवर पोचल्या की काम झालं. सुषमा मुकादमाकडे धावली.

"आन् वाडी? ओढ्यावर पूल?"

"मावशी, आमचं काम या कातळावरच्या व्ह्यू पॉइंटपर्यंतच आहे."

"अवो, पण पावसात ओढा कमरेएवढा होतो. माझ्या जावेचं बाळंतपण आखाडात हाय."

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आता गाडी कातळापर्यंत येईल ना. आधीपेक्षा बरंच की."

हेच शब्द सुषमा स्वतःला समजावत राहिली. आधीपेक्षा बरं. निम्मी वाट तरी वाचेल.

आखाडातल्या एका रविवारी, जेवणवेळेच्या आधी, सोनीच्या कळा सुरू झाल्या. हेमंतने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. अॅम्ब्युलन्स निघालीही. शिवरामसकट चौघांनी झोळी खांद्यावर घेतली, ओढ्याच्या पाण्यातून दांडा डोक्याच्या वर धरून पलीकडे नेली. सुषमा पुढे धावत कातळावर चढली आणि जागच्या जागी थिजली.

नवा रस्ता गाड्यांनी भरला होता. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या समोरासमोर अडकल्या होत्या. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घसरता चिखल. गाणी लागली होती, कुणी टपावर बसून फोटो काढत होतं. अॅम्ब्युलन्सचा भोंगा खाली, फार खाली वाजत होता.

सुषमा पहिल्या गाडीच्या काचेवर हात आपटायला लागली. "गाडी काढा! बाई अडलीय! गाडी काढा!"

काच खाली झाली. आतला पोरगा हसला. "अरे, आप वो रीलवाली मावशी हो ना? वॉटरफॉल किधर है?"

"बाबा, हात जोडते. गाडी मागं घे."

"मागे कुठे घेऊ? मागे बघा ना किती आहेत."

त्याने मागे वळून दाखवलं, तेव्हा त्याला झोळी दिसली. त्याचं हसू गेलं. तो उतरला, त्याचे मित्र उतरले, ओरडून मागच्यांना गाड्या हटवायला सांगू लागले. काही माणसांनी खरंच जीव तोडून गाड्या ढकलल्या. एक गाडी चिखलात रुतली आणि होती ती फटही बंद झाली. मग झोळी गाड्यांच्या मधून आडवी-तिरपी निघाली. आरसे दुमडले, बांबू पत्र्यावर घासला. एक मालक म्हणाला, "जरा सांभाळून." आत सोनी "बाय, बाय" करत होती आणि सुषमा बाजूने चालत नुसतं "आलंच, आलंच" म्हणत होती. एका बाईने छत्री धरली आणि शेवटपर्यंत सोबत आली. तिचं नावही कुणी विचारलं नाही.

अॅम्ब्युलन्समध्ये मुलगा झाला. तो रडला नाही. सोनीचं रक्त थांबेना, तिला दवाखान्यात बरेच दिवस ठेवावं लागलं. ती वाचली.

तेजस्वीने रील काढून टाकली. फोनवर रडत होती. पण तोवर भोकरवाडीच्या शेकडो रील झाल्या होत्या, आणि त्या कुणाच्या, कुठल्या, हे कुणाला ठाऊक?

पुढच्या रविवारपासून सुषमा डांबरी सडकेच्या फाट्यावर उभी राहायला लागली. गाडी आली की हात आडवा करायची. "वर काय नाय. धबधबा नाय, काय नाय. परत जा." काही जण वळायचे. बरेच जण वेडी समजून बाजूने काढायचे. एका जोडप्याने तिच्याबरोबर फोटो मागितला.

मग वाडीतल्या बायका फाट्यावर आल्या. त्यांच्या भाकऱ्या उरायला लागल्या होत्या.

"तुझं दुःख आम्हाला कळत नाय असं नाय," त्यातली मोठी बोलली. "पण आमच्या चुली का विझवतेस? बोलावलंस तूच, आता हाकलतेस पण तूच?"

सुषमाने आडवा केलेला हात खाली घेतला आणि दगडावर बसली. त्यानंतर ती फाट्यावर गेली नाही. हेमंत तिच्याशी बोलत नव्हता. सोनी मात्र पूर्वीसारखीच बोलायची, आणि ते तिला सर्वांत जड जायचं.

दीड वर्षाने सोनीला पुन्हा दिवस राहिले. सुषमाने कुणाला विचारलं नाही. मोकळं व्हायला महिना-दीड महिना उरला तेव्हा तिने बदलापूर गावात, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, एक खोली भाड्याने घेतली. खोलीला खिडकी नव्हती. सोनी पंख्याखाली पडून राहायची, घरची आठवण काढायची. सुषमा कारखान्यातून जीन्स घरी आणून तिच्याजवळ बसून धागे कापायची.

एका सकाळी सोनी उठून बसली. तोंडचं पाणी पळालेलं. "बाय, कालपासून हलला नाय."

सुषमाने चप्पलही घातली नाही. रिक्षा दारातच मिळाली. दवाखान्यात नर्सने सोनीच्या पोटावर यंत्र ठेवलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. काहीच ऐकू येईना. मग घोडा दौडावा तसा आवाज खोलीभर झाला.

"आहेत की ठोके. झोपला होता," नर्स म्हणाली आणि यंत्र उचलायला लागली.

"थांबा," सुषमा बोलली. "अजून जरा ऐकू दे."

नर्सला बाहेर रांग लागलेली दिसत होती. पण तिने सुषमाकडे बघितलं आणि यंत्र पुन्हा पोटावर टेकवलं.