त्या दिवशी चहा कुणीच मागितला नाही

सीमेवरच्या कमलनगरात बसस्टँडाच्या मागच्या गल्लीत बंडेप्पाचं घर आहे. पुढच्या खोलीवर पाटी लावलेली : जवारी प्रकाशन. जवारी म्हणजे आमच्याकडं गावरान वाण, म्हणून नवा माणूस ती पाटी वाचून आत येतो आणि बियाणं मागतो. बंडेप्पा रागावत नाही. "बी न्हाई मालक, पुस्तकं हायती. बसा, एक पान वाचून दाखवतो," म्हणतो. असा बियाण्याला आलेला एक बोरगीचा शेतकरी दुपार होईपर्यंत बसला, दोन पुस्तकं घेऊन गेला आणि बियाणं घ्यायचं विसरला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी भांडायला आली. तिनंही एक नेलं. पण ती गोष्ट वेगळी.

मी मूळ निर्ण्याचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढं शेती केली. माझी लेक ज्योती कमलनगरला दिली आणि बायको गेल्यापासून मी तिच्याकडंच जास्त असतो. तिथंच बंडेप्पाची ओळख झाली. तो माझ्याहून धाकटा, पण त्याचीही साठी उलटलेली. तरुणपणी कलबुर्गीला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. लग्नपत्रिका, जाहिराती, कन्नड, मराठी, उर्दू, जे येईल ते. तिथं त्याच्या डोक्यात आलं की आपली मराठी, ही कन्नड-उर्दू पोटात घेतलेली, पुस्तकात कुठं दिसतच नाही. पुण्याहून येणाऱ्या पुस्तकातली माणसं आपल्यासारखी बोलत नाहीत. मग कुणीतरी आपल्या बोलीतली पुस्तकं छापावीत. त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणी दिसलं नाही, म्हणून स्वतःच सुरू केलं.

सुरू केलं त्यानं, पण चालवलं दोघांनी. बायको रत्नम्मा आळंदकडच्या कानडी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत 'पाणी' आणि 'जेवण' एवढंच येत होतं म्हणे. नंतर अशी शिकली की बंडेप्पाची मुद्रितं तीच तपासायला लागली. पुस्तकांचे गठ्ठे तीच बांधायची आणि जीपमध्ये घालून औराद, भालकी, उदगीर, जिथं मागणी असेल तिथं तीच पोचवायची. बंडेप्पाला जीप लागते. ओकाऱ्या होतात.

आता ह्या घरची रीत सांगतो. कुणी लिखाण आणून दिलं की बंडेप्पा ते एकटा वाचून ठरवत नाही. आम्हा तिघांना बोलावतो. एक मी. दुसरे हणमंतराव, हे शेतकरी, कान चांगले आणि धीर कमी. तिसरा ईरण्णा, ह्याचं कापडाचं दुकान, घरी कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. लेखकाचं नाव सांगायचं नाही. बंडेप्पा मोठ्यानं वाचणार, आम्ही ऐकणार. चहा आपणहून येत नाही. ज्याला कंटाळा येईल त्यानं मागायचा. मागितला की बंडेप्पा पेन्सिलीनं त्या ओळीपाशी 'च' काढतो आणि आतून रत्नम्माचा चहा येतो. च फार झाले की लिखाण परत.

एका कवीला ह्या रीतीचा सुगावा लागला होता. त्यानं ऐकणाऱ्यांसाठी पेढे पाठवले. हणमंतरावांनी पहिला पेढा खाल्ला आणि म्हणाले, "गोडावर चहा लागतोय बुवा." पहिल्याच ओळीला च.

दोन वर्षांमागं माघ महिन्यात एका सकाळी बंडेप्पा ज्योतीच्या घरी आला. ओट्यावर माझ्याशेजारी बसला, पायातली चप्पल काढली, परत घातली.

"अण्णा, उद्या चहा मागू नका."

"कामून? दूध नासलंय का?"

"न्हाई ओ. उद्याचं लिखाण रत्नम्माचं हाय."

 "ती लिहायलीय?"

"कवापासून लिहायलीय. जीपमधून जाता-येता शेजारी बसलेल्या बायांच्या गोष्टी. मला परवा सांगितलं. नियमानं वाचा म्हणती, नाव सांगू नका म्हणती."

"मग सांगायलास कामून?"

त्यानं चप्पल पुन्हा काढली. मग म्हणाला, "तिनं आजपतूर दुसऱ्याच्याच पुस्तकाला चहा केला, अण्णा. हिच्याच पुस्तकाला हिनंच चहा करून द्यायचा? मला बघवायचं न्हाई."

 मी बरं म्हणालो. तो तिथून हणमंतरावांकडं गेला आणि मग ईरण्णाच्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. बंडेप्पानं वाचायला घेतलं. सुरुवातीला सीमेचा इतिहास, भाषांचा इतिहास, निजामाचं राज्य, सगळं आलं. हणमंतराव ताठ बसलेले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. ईरण्णाला खोकला आला तो त्यानं तोंडावर रुमाल धरून जिरवला. मग जीप सुटली आणि एकेक बाई चढायला लागली. त्यात एक नवी सून होती, माहेरहून सासरी निघालेली. आईनं सासरच्यांसाठी डबा भरून लाडू दिलेले. रस्त्यात तिला आईची आठवण आली की ती एक लाडू खाते, आणि एकटीनं कसं खावं म्हणून शेजारणीला एक देते. सासरचं गाव येईतो डबा अर्धा. उतरताना शेजारीण विचारते, "आता घरी काय सांगशील?" तर ती म्हणते, "रस्त्यात माय भेटली हुती, तिला दिले."

तिथं मला खरंच चहा आठवला नाही. बंडेप्पानं सांगितलं होतं हेसुद्धा आठवलं नाही.

एवढ्यात रत्नम्मा दारात येऊन उभी राहिली. आत आधण ठेवून तिचं पाणी आटत आलं असणार.

"हणमंतराव, तब्येत बरी हाय न्हवं?"

"लई ब्येस हाय."

"चहा टाकू?"

"नको नको! वाचन चाललंय की."

हणमंतरावांनी चहाला नको म्हटलेलं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. रत्नम्मानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा ईरण्णाच्या रुमालाकडं, आणि शेवटी नवऱ्याकडं. बंडेप्पाचे कान लाल झाले होते. ती पुढं आली आणि त्याच्या हातातले कागद काढून घेतले.

"ह्यांला सांगून ठेवलाव तुमी."

"अगं, तसं न्हाई..."

"ह्या घरात आलेल्या एका कागदालाबी तुमी फुकट पास केलं न्हाई. तुमच्या सख्ख्या मामाचं परत पाठवलाव. मग माझीच दया कामून आली?"

"दया न्हाई गं."

"मग भ्यालाव. माझं पडंल म्हणून भ्यालाव."

 मला म्हणायचं होतं, अक्का, त्या लाडवापाशी मी चहा खरंच विसरलो. पण त्या वेळी ते म्हणायला तोंड कुठं होतं? चहा मागणार नाही असं आधीच कबूल केलेल्या माणसाचं कौतुक कोण खरं मानणार? मी आयुष्यात पुष्कळ खोटं कौतुक केलंय, जावयांचं, पुढाऱ्यांचं, लग्नातल्या जेवणाचं, आणि ते सगळं खपलं. खरं होतं ते मात्र घशातच राहिलं. ह्याचा मी पुढं पुष्कळ विचार केला.

रत्नम्मानं ते कागद धुतलेल्या साडीत गुंडाळून पेटीत टाकले. बंडेप्पा म्हणाला, "आपण छापू की." ती म्हणाली, "परीक्षाच न्हाई झाली, छापता काय?" दुसऱ्यांची मुद्रितं तपासत होती, गठ्ठे बांधत होती, चहाही करत होती. फक्त आमच्याकडं न बघता कप ठेवायची. जीपमधून परत आली की पूर्वी रस्त्याच्या गोष्टी सांगायची, त्या बंद झाल्या. बंडेप्पा एकदा मला म्हणाला, "अण्णा, घरात मुकं पुस्तक ठेवल्यागत झालंय."

उन्हाळा आला. आमच्या शेजारी मल्लव्वाच्या गच्चीवर दरसाल शेवया होतात. गल्लीतल्या बाया जमतात, कुणी कणिक तिंबतं, कुणी मशीन फिरवतं, कुणी काठीवर शेवया वाळत घालतं. कावळे हाकलायला एक म्हातारा लागतो, तो मी. त्या दिवशी रत्नम्मा आली ती साडीतलं गाठोडं घेऊनच. तिनं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. मी काठी वर करून कबूल केलं.

"मल्लव्वा, आमच्याकडं एका बाईचं लिखाण आलंय, जीपमधल्या बायांच्या गोष्टी. वाचू का? हात चालू द्या, कान तेवढे द्या."

"वाच गं. तसंबी ह्या शरणम्माच्या सुनेची तक्रार ऐकून कान किटले."

"माझी सून काय वाईट हाय?" शरणम्मा म्हणाली.

"तेच. तू सांगायलीस, आमी ऐकायलोय."

रत्नम्मा वाचायला लागली. सीमेचा इतिहास, भाषांचा इतिहास. मशीन खडखडत राहिलं. दुसरं पान, तिसरं पान. मल्लव्वा कणकेच्या गोळ्यावर थापटी मारत म्हणाली, "रत्नी, ही बाई जीपमध्ये बसलीय का न्हाई? गाडी सोड म्हणावं तिला. ऊन वाढायलंय."

सगळ्या हसल्या. मी रत्नम्माकडं बघायचं टाळलं, कावळा नसताना काठी हलवली. हाच भाग हणमंतरावांनी त्या बैठकीनंतर माझ्याजवळ वाखाणला होता, विद्वत्तेचा म्हणून.  रत्नम्मानं कंबरेची पेन्सिल काढली आणि त्या पानावर आडवी रेघ मारली. पुढची पानं एकदम उलटून जीप सोडली.

कोंबडीवाली चढली. कोर्टाच्या तारखेला निघालेली म्हातारी चढली. मग ती नवी सून चढली. पहिला लाडू झाला, दुसरा झाला. मशीनचा आवाज कधी थांबला मला कळलं नाही, कारण मीही ऐकत होतो. शरणम्माच्या हातात काठी तशीच, तिच्यावर लोंबणाऱ्या शेवया तशाच. 'रस्त्यात माय भेटली हुती' ही ओळ आली आणि मल्लव्वानं कणकेच्या हातानंच डोळे पुसले. डोळ्यांना पीठ लागलं. ज्योती उठून पाण्याच्या टाकीमागं गेली. माझ्या घरून सासरी जाताना तिच्याही डब्यात लाडू असायचे, तिच्या आईनं केलेले.

"पुढं काय झालं तिचं?" शरणम्मानं विचारलं. "सासू काय म्हणली?"

"ते न्हाई लिहिलं."

"मग लिही म्हणावं तिला. अर्ध्यात कसं सोडती?"

इतक्यात ज्योती ओरडली, "आप्पा! कावळे!" दोन काठ्यांवरच्या शेवया गेल्या होत्या, आणि परातीतली कणिक वाळून तिच्यावर साल आली होती. मल्लव्वानं मला यथेच्छ शिव्या दिल्या. रत्नम्मा मात्र हसत होती. तिचं तसं हसू मी माघापासून पाहिलं नव्हतं. गाठोडं काखेत मारून ती तरातरा घराकडं गेली.

घरी काय झालं ते बंडेप्पानं मला सांगितलं. ती दारातूनच म्हणाली, "पहिला भाग पडला. बाकीचं पास. आता छापा." ह्यानं विचारलं, "पडला कुठं?" ती म्हणाली, "जिथं लिखाण माझं म्हणून कुणी गप बसलं न्हाई, तिथं." मग सासूचा भाग लिहायला घेतला.

पावसाळा संपता संपता पुस्तक आलं. मल्लव्वाच्या नातीनं तिला मुखपृष्ठावरचं नाव वाचून दाखवलं. मल्लव्वा पुस्तक घेऊन तडक आली. "अगं रत्ने, तूच का ती? मग गाडी सोड म्हणलेलं तुलाच लागलं की!"

"लागलं. म्हणून तर सोडली."

तेव्हापासून जवारी प्रकाशनात एक बदल झालाय. रत्नम्मा आता पुढच्या खोलीत ऐकायला बसते आणि चहा बंडेप्पा करतो. तो चहा असा करतो की एकदा पिणारा परत मागत नाही. त्यामुळं आमच्या बैठकीत कुठल्याच लिखाणाला च मिळेना. शेवटी एक-दोन भाग मल्लव्वाच्या गच्चीवर वाचल्याशिवाय छपाईला पाठवायचे नाहीत असं ठरलं. शेवयांचे दिवस नसले तर पापड, पापड नसले तर तुरीची डाळ निवडणं. कावळे मीच हाकलतो.

गेल्या महिन्यात पुढच्या खोलीत दोघंच बसलो होतो. रत्नम्मा एक मुद्रित मला वाचून दाखवत होती, तेव्हा मी मधेच सांगून टाकलं. "अक्का, त्या दिवशी त्या लाडवापाशी मी खरंच चहा विसरलो हुतो. बंडेप्पानं सांगितलेलं म्हणून न्हवं."

तिनं हातातलं मुद्रित खाली ठेवलं. "एवढ्या दिसांनी म्हणायलाव?"

"तवा म्हणलो असतो तर ऐकली असतीस?"

"न्हाई," ती म्हणाली. तिनं पेन्सिल बोटात फिरवली. मग आत वळून हाक मारली, "अहो, अण्णांला चहा टाका."

"नको, नको," मी घाईनं म्हणालो, "तू वाच."