दिवसातून नऊ वेळा मंजन

"तुमचं हृदय एकदम चांगलं आहे, ताई," गोंदियाचे डॉक्टर म्हणाले आणि मला रडू कोसळलं. आनंदाचं नव्हे. मला वाटलं, यांनाही सापडलं नाही.

टेबलावर माझ्या टू-डी इकोचा रिपोर्ट होता. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपा नीट उघडतात का, रक्त नीट ढकललं जातं का, ते पडद्यावर दिसतं. त्याआधी दोन ईसीजी झाले होते, थायरॉइडसाठी रक्त तपासून झालं होतं. सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटल्यावर रागावणारी बाई डॉक्टरांनी माझ्याआधी पाहिली होती की नाही, कोण जाणे. ते शांतपणे म्हणाले, "धडधड खरी आहे. पण तिच्यापेक्षा तिची काळजी मोठी झाली आहे. याला हेल्थ अँग्झायटी म्हणतात. आपल्याला मोठा आजार आहे, ही भीती जातच नाही."

बाहेर आल्याबरोबर माझे यजमान म्हणाले, "पाहिलं? तुले काहीच नाही झालं. आता कायले रडून राहिली?" मनात आलं, यांच्या छातीत एकदा तरी असं व्हावं, म्हणजे कळेल. असं मनात आणणारी बाई चांगली नाही, पण आणलं होतं हे कबूल करते.

सुरुवात दिवाळीत झाली. आमचं गाव सडक अर्जुनीहून चार-पाच किलोमीटर आत. त्या दिवशी अंगणात धान चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं. दुपारी मजुरांसाठी चहा ठेवला आणि छातीत काहीतरी उलटलं. एक ठोका चुकला, मग एक जोरात पडला, मग गळ्यापर्यंत धडधड. याला पाल्पिटेशन म्हणतात, म्हणजे आपल्याच हृदयाचे ठोके आपल्याला जाणवणं, हे नंतर समजलं. तेव्हा एवढंच समजलं की आपण चाललो. माझे वडील पन्नाशीत असेच गेले होते, शेतावर, धानाच्या बांधीत बसल्या बसल्या. मी त्रेचाळीसची.

माझी मुलगी प्रणाली नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. तिने मला खाली बसवलं, मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. "माय, एकशे दहा आहे. घाबरू नको, उतरते." आणि खरंच उतरली. त्या दिवसापासून मी त्या पोरीला सोडलंच नाही.

सकाळी उठल्यावर नाडी पाहा. जेवल्यावर पाहा. माडीवर जाऊन आले, पाहा. ती नसली की मी स्वतःच गळ्यावर बोटं ठेवून बसायची. न्हाणीघराची कडी लावणं सोडलं, आत पडले तर? डाव्या कुशीवर झोपणं सोडलं. शेतात जाणं सोडलं, कारण तिथे गाडी पोचत नाही. नवेगाव बांधला नात्यातलं लग्न होतं, तिथेही गेले नाही. कुठे जायचं म्हटलं की आधी वाटेतले दवाखाने मोजायचे. मोबाइलवर काहीबाही वाचायची आणि वाचलेलं सगळं संध्याकाळपर्यंत मला होऊन जायचं.

प्रणालीची पंधरा दिवसांची सुट्टी दीड महिन्यावर गेली. कॉलेजातून फोन आला की हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष वाया जाणार हे मला कळत होतं. पण तिने बॅग काढली की मला धडधड सुरू. लोक म्हणाले, नाटक करते. नाटक नव्हतं हो. खरीच धडधड यायची. ती बॅग परत ठेवायची आणि मला हायसं वाटायचं. आई म्हणून याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी शेवटची तपासणी म्हणून होल्टर लावायला सांगितलं. होल्टर म्हणजे छातीला वायर चिकटवून कमरेला बांधायचं छोटं यंत्र. ते चोवीस तासांचा प्रत्येक ठोका टिपून ठेवतं. ते लावणाऱ्या बाई हिंदीतून बोलणाऱ्या. त्यांनी हातात एक कागद दिला. "जो भी करोगे, टाइम डालके इसमें लिखना. खाना, चलना, सोना, सब. कुछ छोड़ना मत, दीदी."

मी दहावी शिकलेली, अक्षर चांगलं. एकही गोष्ट सोडली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तो कागद आणि यंत्राचा आलेख शेजारी शेजारी ठेवला. प्रणाली माझ्या बाजूला बसली होती. डॉक्टर बोट फिरवत वाचू लागले. "सकाळी सहाला मंजन. साडेआठला मंजन. दहाला मंजन." मग थांबून म्हणाले, "ताई, दात किती वेळा घासता?"

"नऊ-दहा वेळा," मी म्हटलं. स्वच्छतेची शाबासकी मिळेल असं वाटलं.

"कोणतं मंजन?"

"गुडाखू."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझं माहेर सालेकसाकडचं, छत्तीसगडला लागून. तिकडे बायका गुडाखूने दात घासतात. छोटी डबी मिळते, काळपट, गुळाच्या पाकासारखं ओलसर. आजी घासायची, आई घासायची, लग्नात मी डबी घेऊनच सासरी आले. इथेही विहिरीवर बायका एकमेकींना बोटभर देतात. पोट साफ होतं, डोकेदुखी उतरते, मनाला बरं वाटतं.

"गुडाखू तंबाखूचा असतो," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, तंबाखू खाता का?"

"मी तंबाखू खात नाही," मी म्हटलं. आणि देवाशपथ सांगते, खोटं बोलत नव्हते. चार डॉक्टरांना तेच सांगितलं होतं. खाणं वेगळं, घासणं वेगळं. तंबाखू पुरुष खातात.

डॉक्टर हसले नाहीत, त्यांचे उपकार. आलेख दाखवून म्हणाले, "हिरड्यांतून निकोटिन सरळ रक्तात जातं आणि ठोके वाढवतं. हे बघा, प्रत्येक मंजनानंतर तुमची रेघ वर चढली आहे. मध्येमध्ये एक्टोपिक बीट्स आहेत, म्हणजे वेळेआधी पडणारे जादाचे ठोके. तुमच्या निरोगी हृदयात त्यांचा धोका नाही. पण तुम्ही घाबरता, घाबरलं की मंजन करता, आणि मंजनाने पुन्हा ठोके वाढतात."

प्रणालीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कॉलेजात तंबाखूवर तिने पोस्टर केलं होतं आणि घरातली डबी जन्मापासून पाहिली होती. डबीत तंबाखू आहे, हे तिच्याही कधी ध्यानात आलं नाही.

डबी त्याच दिवशी टाकली. सोपं सांगणार नाही. आठवडाभर डोकं ठणकलं, सगळ्यांवर खेकसले, शेजारणीच्या डबीकडे चोरासारखी पाहिली. पण तीन आठवड्यांत धडधड अर्ध्यावर आली. उरलेली अर्धी मात्र भीतीची होती. तिच्यासाठी प्रणालीला घेऊन त्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "नाडी पाहायची नाही. कोणाला पाहायला सांगायची नाही. धडधड आली की हातातलं काम चालू ठेवायचं." नंतर त्यांनी प्रणालीला विचारलं, तुला काय वाटतं?

इतके दिवस गप्प असलेली पोर एकदम बोलली. "माय, मी नाडी पाहतो, चांगली आहे म्हणतो. तू पाच मिनिटं मानते, मग पुन्हा हात समोर करते. माझ्यानं तुले बरं नाही होऊन राहिलं. मग मी काऊन राहू?"

मला खूप लागलं. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तिचे कपडे मीच घडी करायला घेतले.

माझ्यासारखं कोणाला होत असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, श्वास लागला, तर थांबू नका, दवाखाना गाठा. तपासण्या एकदा नीट करून घ्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तोंडात, गालात, हिरड्यांना जे जे लावता ते सगळं सांगा. त्याला घरात काहीही नाव असू द्या. एकदा नॉर्मल म्हटलं की मग दुसरा, तिसरा डॉक्टर शोधत हिंडू नका. मी हिंडले, त्यात पोरीचे दिवस गेले.

प्रणालीला बसमध्ये बसवून द्यायला आम्ही कोहमाऱ्याच्या फाट्यावर गेलो. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर होती, त्यामुळे यजमानांना घाई. नागपूरची बस आली. तिने बॅग आत टाकली, पायरीवर वळून माझ्याकडे पाहिलं, आणि धडधड सुरू झाली. चांगलीच, गळ्यापर्यंत. तिने तोंडावरून ओळखलं. एक पाय खाली टेकवत विचारलं, "माय, होऊन राहिलं का?"

नाही म्हणता आलं असतं. पण दोन महिने तिने माझं सगळं खरं मानलं होतं.

"होऊन राहिलं," मी म्हटलं. "जा तू."

कंडक्टरने घंटी मारली. बस पुलाकडे वळेपर्यंत मी उभी होते. छाती धडधडत होती, डोळेही भरले होते. दिवाळीपासून पहिल्यांदा त्या धडधडीत मला वडील आठवले नाहीत. लेक चालली होती, एवढंच होतं. मग यजमानांच्या मागे गाडीवर बसले, वाटेत मजूर बायकांना उद्याचं सांगायला दोन ठिकाणी थांबलो, घरी येऊन भात टाकला. धडधड केव्हा थांबली, ते मी पाहिलंच नाही.